निम्मं उसवायचं

आमची आई ब्लाऊज शिवायची. तिला आम्ही अव्वा म्हणायचो, कारण ती कुरुंदवाडकडची आणि तिच्या माहेरी मराठी बोलता बोलता माणसं कधी कानडीत शिरायची ते त्यांनाही कळायचं नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली तिच्या मशीनची होती. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला मशीनच्या कडेनं अंग चोरून आत जायची सवय लागली होती. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते आणि घरात असले तरी त्यांचा आवाज नसायचा. आवाज मशीनचा आणि गिऱ्हाइकांचा.

शिवलेलं तपासायची अव्वाची एक पद्धत होती. ब्लाऊज उलटा करायचा, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवत न्यायचं आणि कुठं चुणी लागली की तिथं नख थांबवून म्हणायचं, “उसव.” आवाज चढायचा नाही, कपाळाला आठी पडायची नाही. एवढं म्हणून झालं की ती स्वतः मशीनवरून उठायची, खाली पाटावर बसायची आणि त्या शिवणीचं दुसरं टोक हातात घेऊन तिकडून उसवायला लागायची. शिकणारी पोरगी इकडून, अव्वा तिकडून. दोघींच्या हातात दाढीच्या ब्लेडचे अर्धे तुकडे. मधे कुठंतरी दोघींची गाठ पडली की अव्वा तुटलेले दोरे फुंकरीनं उडवायची आणि म्हणायची, “हां. आता शिव.”

जो ‘उसव’ म्हणेल त्यानं निम्मं उसवायचं, हा तिचा नियम. शिकायला येणाऱ्या पोरींना तो लागू होता, बहिणीला होता, आणि पाहुण्यांनाही होता. एकदा आमची आत्या आली होती. आत्या म्हणजे साखरपुड्याला जाऊन साखरेत खडे शोधणारी बाई. तिनं दोरीवर लटकवलेला बहिणीनं शिवलेला ब्लाऊज बघितला आणि चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाली, “बाही मागं वडलीया. हे उसवाय पायजे.” अव्वानं दोरीवरचा ब्लाऊज काढला, ब्लेडचा तुकडा काढला आणि दोन्ही आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याला वाटलं चेष्टा चाललीय. अव्वा म्हणाली, “तुमी म्हणला न्हवं? मग बसा की वन्सं. पोरगी तिकडनं येती, तुमी हिकडनं या.” आत्या बसली. चष्मा नाही म्हणून कुरकुरत, बोटाला ब्लेड लागलं म्हणून सुस्कारे टाकत तिनं उसवलं. आणि उसवता उसवता तिलाच दिसलं की बाही बरोबर होती, कापडच आडवं कापलं गेलं होतं, आणि कापलं होतं अव्वानं. “अगं, हिचं काय चुकलंच न्हाय,” आत्या म्हणाली. पुढच्या वेळी आली तेव्हा ती दोरीकडं न बघता थेट स्वयंपाकघरात गेली.

मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासतो. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटाचा धंदा आहे, तेव्हा चुका काढण्याविषयी मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. पण त्या धंद्यातलंही मला जे काही कळतं ते अव्वाच्या पाटावर कळलेलं आहे. दुसऱ्या टोकाला बसायची तयारी असली की माणूस उगाच तोंड उघडत नाही. आणि उघडलंच, तर ऐकणाऱ्याला ते लागत नाही.

बहिणीला तर नाहीच लागायचं. ती चुकायला भीतच नव्हती. अव्वानं तपासायच्या आधीच ती ब्लाऊज नाचवत यायची, “अव्वे, हे बघ काय करून ठिवलंय मी, दोन्ही बाह्या डाव्या. चल उसवूया.” ‘उसवूया’ म्हणायची ती, जसं काही रंकाळ्यावर भेळ खायला जाऊया. कटोरीचा अवघड ब्लाऊज तिनं असाच चुकत चुकत, अव्वापेक्षा सरस शिवायला शिकून घेतला. बोलण्यातही तशीच. गोष्ट सांगायला लागली की शेवट आधी सांगून मोकळी व्हायची, मग “थांबा, थांबा, उसवते” म्हणून पहिल्यापासून सुरू करायची. आम्ही हसायचो आणि तीही हसायची. ते हसणं मला अजून ऐकू येतं, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

तिचं लग्न जवळच गडमुडशिंगीला झालं. दाजींचं रस्त्याला लागून पंपांचं आणि पाइपांचं दुकान. माणूस रुबाबदार, दिलदार, बोलण्यात पटाईत. आल्या-गेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला आले तेव्हा त्यांनी पुरणपोळीचं इतकं कौतुक केलं की अव्वा पार विरघळून गेली. आणि त्या भरात ती तूप वाढता वाढता म्हणाली, “पोरगी चुकाय भीत न्हाय बघा. आमच्यात चुकलं की नुसतं ‘उसव’ म्हणायचं. तुमीबी म्हणा. तिला त्या शबुदाचा राग येत न्हाय.”

दाजींना शब्द फार आवडला. त्यांनी तिथंच माझ्या ताटातल्या वाकड्या पोळीकडं बोट करून “उसवा!” म्हटलं. सगळे हसले. बहीण सगळ्यात जास्त हसली. अव्वाच्या चेहऱ्यावर, आपल्या घरातली एक चीज जावयाला पसंत पडली याचा आनंद होता. मी पुढं कितीदा तरी तो प्रसंग मनात आणून बघितला. तिथं कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं.

मग तो शब्द त्या घरात राहायला गेला. भाकरीला कड फुटली, “उसवा.” दिवाळीत दारातली रांगोळी एका बाजूला कलली, “उसवा.” साडीच्या निऱ्या, फोडणीची आमटी, पाहुण्यांना सांगितलेला पत्ता, सगळ्याला उसवा. ती एखादी गोष्ट सांगायला लागली आणि तिच्या सवयीनं मधेच अडखळली की दाजी पाहुण्यांना डोळा घालून म्हणायचे, “उसव आणि परत सांग.” पाहुणे हसायचे. तिनं सुरुवातीला तिच्या पद्धतीनं परतवून बघितलं. “म्हणलासा न्हवं, मग बसा निम्मं उसवाय.” दाजी म्हणाले, “आमी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कुटं उसवत असतंय व्हय?” त्यावर तर लोक जास्तच हसले.

मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही, ते माझ्या सोयीचं झालं असतं तरी. हात उगारला नाही कधी. व्यसन नाही. तिला नवी मोटर लावलेली मशीन आणून दिली त्यांनी, तीही न मागता. आणि कुणी काही म्हटलंच तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “मी तोंडावर बोलतो. मनात काय ठेवत न्हाय.” आमच्याकडं हे वाक्य फार मोठं प्रमाणपत्र आहे. हे म्हटलं की माणूस साफ ठरतो, आणि ज्याला लागलं तो हळवा. पण मला विचाराल तर त्यांच्या मनात काही राहत नव्हतं, कारण ते सगळं जाऊन तिच्या मनात बसत होतं.

आमच्या नात्यातल्या सगळ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर एके दिवशी दाजींनी तिनं केलेल्या धपाट्याचा फोटो टाकला, एका बाजूनं करपलेला, आणि खाली लिहिलं, ‘उसवा.’ हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात आमच्या बाजूचीही माणसं होती, अव्वाच्या हाताखाली शिवण शिकलेली एक मावसबहीणही होती. थोड्या वेळानं बहिणीनंही एक हसरं तोंड टाकलं. तिला फोन लावला तर म्हणाली, “अण्णा, चेष्टा असती रं. तू कशाला मनावर घेतोस?” आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी फोन ठेवला.

तिच्या मुलीच्या वाढदिवसाला मी गेलो होतो. मुलगी लहान होती, नीट बोलायलाही लागली नव्हती. बहिणीनं तिच्यासाठी गुलाबी, झालरीचा फ्रॉक शिवला होता. झालर एका बाजूला जराशी लांब झाली होती. मला ते दिसलं, कारण माझा डोळा त्यातच तयार झालाय, पण पोर त्यात इतकी गोड दिसत होती की कुणाचं लक्षही गेलं नसतं. दाजींनी पोरीला उचलून टेबलावर उभं केलं आणि सगळ्या पाहुण्यांना म्हणाले, “मंडळी, बघा आमच्या घरची कारागिरी. एक बाजू पन्हाळ्याला, एक बाजू रंकाळ्याला. काय करायचं आता?” पोरंटोरं एका सुरात ओरडली, “उसवा!” त्यांना तो खेळ पाठ होता. ती परत ओरडली, परत परत ओरडली, आणि टेबलावरची ती चिमुरडी सगळे ओरडतायत म्हणून खूश झाली, टाळ्या वाजवायला लागली आणि तीही म्हणाली, “उछवा.”

बहीण केकची सुरी घेऊन उभी होती. तिनं केक कापला, सगळ्यांना वाटला, मला फरसाण जास्तीचं दिलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा मशीनवर जुनी चादर घातली होती आणि चादरीवर पाइपांचे कॅटलॉग रचून ठेवले होते. “शिवत न्हाईस?” मी विचारलं. “वेळ कुटं असतोय,” ती म्हणाली.

मग मात्र मी दाजींच्या दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाइकांची वर्दळ होती. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, दाजी, तेवढा तो शब्द बंद करा. ते खरंच चकित झाले. “पावणं, त्यो तुमच्याच घरातला शबुद की. तुमच्या अव्वानंच दिलाय मला, जेवाय बसलोतो तवा. मी काय माझ्या पदरचं बोलतोय व्हय?” मी त्यांना निम्म्याचं सांगितलं, म्हणजे जो म्हणेल त्यानं दुसऱ्या टोकाला बसायचं असतं, त्याशिवाय तो शब्द वापरायचाच नसतो. ते ऐकत होते. मग काउंटरवर रेललेल्या एका शेतकऱ्याकडं बघून म्हणाले, “म्हंजे आता भाकरी फाटली तर मी सुई-दोरा घिऊन बसू काय?” तो माणूस मोठ्यांदा हसला. दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “चा घ्या, गार हुतोय.” मी चहा घेतला. राग इतका होता की घरी येईपर्यंत मी दोन सिग्नल तोडले.

अव्वाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला ते नागपंचमीला कळलं. बहीण पोरीला घेऊन माहेरपणाला आली होती. अव्वाला तेव्हा डोळ्यांनी बारीक दिसत नव्हतं, म्हणून एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तिनं बहिणीच्या पुढ्यात टाकला. साधाच होता, बिनअस्तराचा. बहिणीनं कापड अंथरलं, मापं टाकली, खडूनं रेघा मारल्या. मग परत मापं घेतली. रेघा पुसल्या, परत मारल्या. कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. अव्वा भिंतीला टेकून बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “काप की गं.”

बहिणीनं वर न बघता विचारलं, “आणि चुकलं तर?”

आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. चुकलं तर काय, ते त्या घरातल्या पोराटोरांना माहीत होतं. अव्वा बहिणीच्या हातांकडं बघत राहिली. खडू लागून तिची बोटं पांढरी झाली होती. मग अव्वानं कापडाची घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “राहू दे. सावकाश बघू.” आणि स्वयंपाकघरात गेली.

बहीण सासरी परत गेल्यावर अव्वानं मला पुढ्यात बसवून सगळं वदवून घेतलं. भाकरी, रांगोळी, धपाट्याचा फोटो, फ्रॉक. मी सांगत गेलो तशी ती लहान होत गेली. शेवटी म्हणाली, “मी शबुद दिला. निम्म्याचं सांगायचं इसरले.” मी म्हणालो, अव्वा, मी नंतर सांगितलं त्यांना, तरी काही फरक पडला नाही, तू सांगितलं असतंस तरी त्यांनी तेच केलं असतं. “असंल,” ती म्हणाली, “पर मी तोंड भरून दिला न्हवं? तूप वाढत दिला.” ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर अव्वानं तो शब्द सोडला. शिकायला एखाद-दुसरी पोरगी अजून येत होती. तिची शिवण चुकली की अव्वा ब्लाऊज ठेवून घ्यायची, “छान झालंय, जा तू” म्हणायची, आणि पोरगी गेली की एकटीच बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवायची. मी एकदा म्हणालो की अशानं त्या पोरी शिकणार कशा? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत विचारलं नाही. त्या पोरी काही शिकल्या नाहीत, हळूहळू यायच्या बंद झाल्या. बोचऱ्या बोलण्यानं माणूस दुखावतो, एवढंच मला आधी वाटायचं. पण त्यानं खरं बोलणंही नासतं, हे मी आमच्या पुढच्या खोलीत बघितलं. अव्वासारखी बाई ‘छान’ म्हणायला लागली, याच्याइतकं वाईट काय असतं?

दाजींनी आता तो शब्द टाकून दिलाय म्हणतात. एवढ्या वर्षांत त्यांनाही कंटाळा आला असेल. शिवाय हल्ली बहीण चुकतच नाही. भाकऱ्या गोल असतात, दिवाळीत दारात छापाची रांगोळी असते, आणि पाहुण्यांत ती विचारल्याशिवाय बोलत नाही. आमच्या नात्यात सगळे म्हणतात, किती शांत आणि समजूतदार झाली पोरगी.

यंदाच्या पंचमीला ती आली तेव्हा भाची शाळेचं एक काम घेऊन आली होती. घरी शिवलेली कापडी पिशवी न्यायची होती. भाची आता सहावीत आहे, उंच, लांब बोटांची, हुबेहूब आईसारखी. तिनं अव्वाच्या मशीनवर पाय पोचवून दिवसभर खटपट केली आणि पिशवी शिवली. एक बंद पिळा पडून बसला होता, आणि तळाची शिवण वाकडी गेली होती.

तिनं पिशवी आधी आईला दाखवली. बहीण भाजी निवडत होती. तिनं पिशवीकडं बघितलं, आणि मला तिचे डोळे त्या पिळ्यावर थांबलेले स्पष्ट दिसले. “छान झालीय,” ती म्हणाली आणि भाजीकडं वळली. मग भाची आजीकडं गेली. अव्वाला आता जवळजवळ दिसत नाही. तिनं पिशवी उलटी केली, तळाच्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं. नख बरोबर त्या जागी थांबलं. खोलीत आम्ही तिघं जाणते होतो, आणि तिघंही तो शब्द येतोय का म्हणून थांबलो होतो. माझ्या मनात आलं, म्हण अव्वा, एकदा म्हण.

“छान हाय गं बाळ,” अव्वा म्हणाली.

भाचीनं दोघींकडं बघितलं. मग पिशवीकडं. “खोटं बोलताय दोघीपण,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं नोंद केल्यासारखं. तिनं मशीनच्या खणातून ब्लेडचा तुकडा शोधून काढला, जमिनीवर बसली आणि तळाची शिवण एका टोकापासून उसवायला लागली. मी उठलो, तिच्या समोर मांडी घालून बसलो आणि दुसरं टोक धरायला हात पुढं केला.

तिनं पिशवी पटकन मांडीखाली ओढली. “नको मामा. तुम्ही हसशीला.”

“न्हाय हसणार.”

“सगळे आधी असंच म्हणतात.”

मी हात मागं घेतला. तिच्या मागं बहीण बसली होती, हातात मेथीची काडी तशीच धरून. तिला ते ऐकू गेलं होतं. ती उठेल असं मला वाटलं. तिनं एक पाय सरळही केला, पण मग ती तशीच बसून राहिली. अव्वाचा चेहरा आमच्याकडं वळलेला होता. तिला दिसत नव्हतं, पण ब्लेडनं दोरा तुटताना जो बारीक आवाज येतो तो तिला ऐकू येत असणार, आणि तो एकाच बाजूनं येतोय हेही.

पोर खाली मान घालून उसवत होती. ती निम्म्यावर आली तेव्हा आम्हा तिघांचंही लक्ष तिकडंच होतं. ती तिथं थांबली नाही. तिथवरच यायचं असतं, पलीकडून कुणीतरी येत असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.